तुझ्या राज्यात मी अल्पसंख्य का?

१९९० पूर्वी ज्यांनी शाळेत युरोपचा नकाशा भरला, त्यांना इटलीच्या पूर्वेला, एड्रियाटिक समुद्रापलीकडे पसरलेला युगोस्लाव्हिया आठवत असेल. अलिप्ततावादी चळवळीच्या छायाचित्रांत नेहरू आणि नासेर यांच्याशेजारी दिसणारे मार्शल टिटो या देशाचे. चळवळीची पहिली शिखर परिषद १९६१ मध्ये राजधानी बेलग्रेडलाच भरली होती. १९८४ मध्ये याच देशातल्या सारायेव्हो शहरात हिवाळी ऑलिंपिक झालं. आठ वर्षांनी त्या शहराला वेढा पडला आणि ऑलिंपिकसाठी डोंगरात बांधलेला बॉबस्लेचा मार्ग तोफा डागायच्या कामी आला.

आता कोडं असं. स्वित्झर्लंडमध्ये चार भाषा आहेत. झुरिकचा जर्मनभाषक आणि जिनिव्हाचा फ्रेंचभाषक एकमेकांची भाषा शिकल्याशिवाय गप्पा मारू शकत नाहीत. तरी तो देश शाबूत आहे. उलट सर्ब, क्रोएट आणि बोस्नियातले मुस्लिम यांची बोली जवळपास एकच. दुभाषा लागत नाही. त्यांनीच एकमेकांची गावं जाळली. मग माणसांना जोडतं काय आणि तोडतं काय?

यावर एक तयार उत्तर नेहमी मिळतं: ‘त्यांचं शेकडो वर्षांचं वैर होतं.’ १९९२ मध्ये युरोप-अमेरिकेतले पुढारी हेच म्हणत होते, कारण जुनं वैर म्हटलं की कुणाला काही करावं लागत नाही. पण वैर इतकं जुनं आणि जळजळीत असेल, तर १९४५ ते १९९० हे लोक एकाच इमारतीत राहत कसे होते, एकमेकांत लग्नं कशी करत होते? जे सतत आहे, त्यानं मधूनच पेटणाऱ्या आगीचं कारण सांगता येत नाही. कारण शोधायचं तर राज्य कसं बांधलं गेलं आणि त्याचे खांब कोणत्या क्रमानं काढले गेले, हे पाहायला हवं.

भीतीपोटी जमलेली सोयरीक

अनेक समाजांची राज्यं बहुधा कुणी ठरवून बनवत नाही. साम्राज्यं पसरतात तेव्हा शेतकरी, सैनिक, व्यापारी इकडचे तिकडे नेऊन वसवतात. ती कोसळतात तेव्हा मागे इतकी सरमिसळ उरते, की कशीही रेघ ओढा, कुणीतरी चुकीच्या बाजूला राहतंच. १९१८ मध्ये जन्मलेल्या चेकोस्लोव्हाकियात जर्मन लोक स्लोव्हाकांपेक्षा जास्त होते, तरी देशाच्या नावात त्यांचा पत्ता नव्हता. नायजेरियाचा उत्तर आणि दक्षिण भाग १९१४ मध्ये ब्रिटिशांनी जोडला, त्यात कारभाराची आणि खर्चाची सोय हे मोठं कारण होतं.

युगोस्लाव्हियाच्या भूमीवर अशी दोन साम्राज्यं समोरासमोर उभी होती. उत्तर-पश्चिमेला व्हिएन्नाचे हाब्सबर्ग, दक्षिण-पूर्वेला इस्तंबूलचे ऑटोमन. हाब्सबर्गांनी सरहद्दीवर संरक्षणाचा एक पट्टा आखला आणि तिथं ऑटोमन मुलखातून आलेल्या सर्बांना जमिनी देऊन शेतकरी-शिपाई म्हणून बसवलं. म्हणून पुढे क्रोएशियाच्या पोटात सर्बांची जुनी वस्ती राहिली. बोस्नियात ऑटोमन काळात स्लाव्ह लोकांपैकीच पुष्कळांनी इस्लाम स्वीकारला. ते बाहेरून आलेले तुर्क नव्हते, शेजारचेच होते. ही दोन तथ्यं लक्षात ठेवा, पुढे त्यांची गरज पडणार आहे.

एकोणिसाव्या शतकात लेखक आणि भाषापंडित म्हणू लागले, की दक्षिणेकडचे हे सारे स्लाव्ह मूळ एकच लोक आहेत. कल्पना सुंदर होती. पण राज्य काही कवींनी आणि कोशकारांनी बनवलं नाही, ते घाबरलेल्या पुढाऱ्यांनी बनवलं. पहिल्या महायुद्धात इटलीला आपल्या बाजूला ओढण्यासाठी ब्रिटन-फ्रान्सनं १९१५ च्या गुप्त करारात डाल्मेशियाच्या किनाऱ्याचा मोठा भाग तिला देऊ केला होता. १९१८ च्या शरदात हाब्सबर्गांचं ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्य कोसळलं, इटालियन सैन्य किनाऱ्यावर उतरू लागलं आणि क्रोएशियातल्या झाग्रेबच्या नेत्यांकडे स्वतःची धड फौजही नव्हती. सर्बियाकडे होती. घाईघाईनं मंडळी बेलग्रेडला गेली आणि १ डिसेंबर १९१८ रोजी ‘सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं राज्य’ जाहीर झालं.

घाईत एक गोष्ट बोलायची राहून गेली. सर्बियानं महायुद्धात भयंकर रक्त सांडलं होतं. हे राज्य म्हणजे आपल्याच राज्याचा विस्तार, असं तिथल्या नेत्यांना वाटत होतं. क्रोएट समजत होते की ही बरोबरीची भागीदारी आहे. दोन्ही समजुती प्रामाणिक होत्या, आणि एका घटनेत त्या बसणं शक्य नव्हतं. १९२१ ची घटना बेलग्रेडकेंद्री झाली. १९२८ मध्ये क्रोएट नेते स्त्येपान रादिच यांच्यावर भर संसदेत एका खासदारानं गोळ्या झाडल्या आणि काही आठवड्यांनी ते वारले. राजा अलेक्झांडरनं १९२९ मध्ये घटना गुंडाळली, देशाचं नाव युगोस्लाव्हिया केलं आणि हुकमानं एकी आणायला निघाला. १९३४ मध्ये मार्सेलीत त्याचाही खून झाला.

रेघा एकावर एक पडल्या तर

इथं स्वित्झर्लंडचं कोडं सुटू लागतं. तिथं भाषेची रेघ आणि धर्माची रेघ वेगवेगळ्या दिशांनी जातात. झुरिक जर्मनभाषक आणि परंपरेनं प्रोटेस्टंट, ल्युसर्न जर्मनभाषक पण कॅथलिक. जिनिव्हा फ्रेंचभाषक, प्रोटेस्टंट परंपरेचं. फ्रिबुर्गचे बहुतेक लोक फ्रेंचभाषक, पण कॅथलिक. भाषेच्या वादात जो विरोधक, तो धर्माच्या वादात आपल्या बाजूचा निघतो. त्यामुळे कुणीच कायमचा शत्रू होत नाही. तेही लढले नाहीत असं नाही. १८४७ मध्ये कॅथलिक प्रांत आणि इतर यांच्यात यादवी झाली, पण ती महिन्याभराच्या आत आटोपली आणि सुमारे शंभर माणसं गेली.

युगोस्लाव्हियात रेघा एकमेकींवरच पडल्या. क्रोएट म्हणजे कॅथलिक, रोमन लिपी, हाब्सबर्ग वारसा. सर्ब म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्च, सिरिलिक लिपी, ऑटोमनांविरुद्धच्या उठावांचा अभिमान. बोलीचं साम्य खरं होतं, पण ते एकटं पडलं. भांडण शेतसाऱ्याचं असो की रेल्वेमार्गाचं, दोन्ही बाजूंना तीच माणसं उभी दिसायची.

त्यावर दुसऱ्या महायुद्धानं ताजी जखम केली. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीनं देश मोडला आणि क्रोएशियात आन्ते पाव्हेलिचच्या उस्ताशा संघटनेचं बाहुलं सरकार बसवलं. त्यानं सर्ब, ज्यू आणि रोमा यांच्या कत्तली केल्या. एकट्या यासेनोवात्सच्या छावणीत मारल्या गेलेल्यांचा आजचा मान्य अंदाज ऐंशी हजार ते एक लाखाच्या आसपास जातो. सर्बांच्या चेतनिक टोळ्यांनी मुस्लिम आणि क्रोएट गावांवर सूड उगवला. हे वैर शेकडो वर्षांपूर्वीचं नव्हतं. १९९० मध्ये पन्नाशी-साठीत असलेल्या माणसांनी ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

टिटोंचा तोल

टिटोंचे वडील क्रोएट, आई स्लोव्हेन. त्यांच्या कम्युनिस्ट पार्टिझन फौजेत सगळ्या समाजांचे लोक होते आणि तीच तिची ताकद होती. १९४५ नंतर त्यांनी ‘बंधुता आणि एकता’ ही घोषणा दिली. एका महामार्गालाही तेच नाव मिळालं. युद्धातल्या कत्तलींवर मात्र उघड बोलणं बंद झालं. माझ्या मते त्यांची सगळ्यांत महागात पडलेली चूक हीच. सरकारनं न मांडलेला हिशेब घराघरांत, स्वयंपाकघरात मांडला गेला, आणि प्रत्येक घरात फक्त आपल्याच मेलेल्यांचा.

राज्ययंत्रणा म्हणून त्यांची रचना मात्र चतुर होती. सर्ब सर्वांत मोठा समाज, पण एकूण लोकसंख्येच्या जेमतेम ३६ टक्के. म्हणजे बहुमत कुणाचंच नाही. सर्बिया फार वरचढ होऊ नये म्हणून तिच्यातच व्हॉयव्होदिना आणि कोसोवो हे दोन स्वायत्त प्रांत ठेवले. १९७४ च्या घटनेनं त्या प्रांतांना जवळपास प्रजासत्ताकांइतके अधिकार दिले. ती घटना ४०६ कलमांची, जगातल्या लांबलचक घटनांपैकी एक. टिटोंनंतर राष्ट्राध्यक्ष एक नसून, प्रत्येक प्रजासत्ताकाचा आणि प्रांताचा एक, असं आठ जणांचं मंडळ असेल आणि अध्यक्षपद दरवर्षी फिरेल, असं ठरलं.

> युगोस्लाव्हिया: थोडक्यात
> सहा प्रजासत्ताकं: स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, मॉन्टेनेग्रो, मॅसेडोनिया.
> दोन स्वायत्त प्रांत (सर्बियात): व्हॉयव्होदिना, कोसोवो.
> टिटोंचा मृत्यू: ४ मे १९८०.
> बाहेर पडले: स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि मॅसेडोनिया १९९१, बोस्निया १९९२, मॉन्टेनेग्रो २००६. कोसोवोनं २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही.
> स्वतःची नोंद ‘युगोस्लाव्ह’ अशी करणारे, १९८१ ची जनगणना: सुमारे १२ लाख. यांच्या वाट्याला कुठलाच देश आला नाही.

या रचनेत वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा? कागदावर कुणाचाच नाही. प्रत्यक्षात टिटोंचा. १९७१ मध्ये क्रोएशियात राष्ट्रवादी लाट उठली तेव्हा त्यांनी तिथलं नेतृत्व बदललं, पुढच्याच वर्षी सर्बियातल्या उदारमतवाद्यांनाही घरी पाठवलं. तोल असा हातानं सांभाळला जात होता. १९८० मध्ये तो हातच नाहीसा झाला.

आम्हालाच लुटलं

टिटो गेले आणि देणी दारात आली. परदेशी कर्ज वीस अब्ज डॉलरच्या घरात होतं. कॉफी, पेट्रोल, धुण्याची पावडर यांची टंचाई सुरू झाली आणि १९८९ मध्ये महागाईनं वर्षाला हजार टक्क्यांचा आकडा ओलांडला. संपन्न काळात प्रांताप्रांतांतला फरक खपून जातो. टंचाईत प्रत्येकजण दुसऱ्याच्या ताटात डोकावतो.

आणि फरक प्रचंड होता. स्लोव्हेनियाचं दरडोई उत्पन्न कोसोवोच्या कितीतरी पट, आणि दरी दर दशकाला रुंदावत चाललेली. स्लोव्हेन म्हणत, आम्ही कमावतो आणि मागास भागांच्या निधीत ओततो. क्रोएट म्हणत, डाल्मेशियात पर्यटकांनी खर्चलेलं परकीय चलन बेलग्रेडच्या बँका गिळतात. कोसोवोतले बहुसंख्य अल्बेनियन म्हणत, आमच्या खाणीतलं शिसं-जस्त स्वस्तात नेता आणि तयार माल महाग विकता. सर्ब म्हणत, आम्हीच सगळ्यात जास्त मेलो आणि १९७४ च्या घटनेनं आमच्याच राज्याचे तीन तुकडे केले. गंमत म्हणजे यातल्या प्रत्येक तक्रारीत काही ना काही तथ्य होतं. सगळेच्या सगळे लुटले जात होते आणि लुटारू कुणीच नव्हता! संघराज्याचा जमाखर्च सर्वांना पटेल असा मांडणारी तटस्थ संस्था नसली, की असंच होतं.

या खदखदीत स्लोबोदान मिलोसेविच यांना शिडी सापडली. एप्रिल १९८७ मध्ये ते पक्षाचे पदाधिकारी म्हणून कोसोवोत गेले होते. पोलीस आपल्याला मारतात, असं तिथल्या सर्बांनी सांगितल्यावर, तुम्हाला मारायची कुणाची हिंमत होता कामा नये, अशा अर्थाचं वाक्य ते बोलले. दूरचित्रवाणीनं ते पुन्हा पुन्हा दाखवलं. एक कंटाळवाणा बँकवाला नेता रातोरात तारणहार झाला. दोन वर्षांत त्यांनी कोसोवो आणि व्हॉयव्होदिनाची स्वायत्तता काढून घेतली आणि मॉन्टेनेग्रोत आपली माणसं बसवली. आठ जणांच्या अध्यक्षमंडळात आता चार मतं एका खिशात होती. कुणाचंच बहुमत होऊ नये म्हणून केलेली रचना तिथंच निकामी झाली.

आणखी एक चूक निवडणुकांच्या क्रमाची. १९९० मध्ये सहाही प्रजासत्ताकांत बहुपक्षीय निवडणुका झाल्या. संपूर्ण देशासाठी एकही झाली नाही. स्पेनमध्ये फ्रँकोनंतर आधी १९७७ ला देशाची निवडणूक झाली, कॅटलोनिया आणि बास्क प्रांतांची मागाहून, १९८० ला. क्रम उलटा असता तर तिथं काय झालं असतं, सांगता येत नाही. युगोस्लाव्हियात तो उलटा होता. ज्याला मतं मागायला सगळ्या देशात फिरावं लागतं, तो कुठल्याच समाजाला शिव्या घालू शकत नाही. असा उमेदवारच इथं जन्मला नाही. केंद्रीय पंतप्रधान आन्ते मार्कोविच यांनी नवा दिनार आणून महागाई खाली ओढली होती, लोक त्यांना मानत होते. पण मतपेटीचा आधार त्यांच्याकडे नव्हता. १९९० च्या अखेरीस सर्बियाच्या संसदेनं गुपचूप बिनआधाराचा पैसा काढायला परवानगी दिली आणि त्यांच्या सुधारणा बुडवल्या.

रखवालदार गेल्यावर

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. सामान्य, भांडखोर नसलेली माणसं बंदूक का उचलतात?

एखाद्या चाळीची कल्पना करा. रात्रीचा रखवालदार आहे तोवर कडीकोयंड्यांवर भागतं. एक दिवस तो काम सोडून जातो. पहिल्या खोलीतला माणूस केवळ काळजीपोटी दाराला लोखंडी जाळी बसवतो आणि एक लाठी आणून ठेवतो. समोरच्याला ही लाठी रात्रभर दिसत राहते. ती बचावाची की मारायची, हे लाठीवर लिहिलेलं नसतं. तो दोन लाठ्या आणतो. आता पहिल्याची खात्रीच पटते, की याच्या मनात काळंबेरं आहे. दोघांपैकी कुणीही दुष्ट नाही. पण मारामारी होणारच असेल तर आधी हात उचललेला बरा, या हिशेबापर्यंत दोघंही पोचतात. राज्यशास्त्रात याला सुरक्षेचा पेच म्हणतात.

क्रोएशियात हे अक्षरशः घडलं. १९९० च्या निवडणुकीत क्रोएट राष्ट्रवादी नेते फ्रांजो तुजमान यांचा पक्ष जिंकला. इमारतींवर लाल-पांढऱ्या चौकटींचं जुनं क्रोएट चिन्ह झळकू लागलं. क्रोएटांना तो मध्ययुगापासूनचा मान वाटला. सर्बांना त्यात उस्ताशा दिसले, कारण त्यांनीही ते वापरलं होतं. सर्ब पोलिसांना नोकरीवरून काढायला सुरुवात झाली. डिसेंबरमधल्या नव्या घटनेत सर्ब हे राज्याचे सहनिर्माते न राहता अल्पसंख्य झाले. सरहद्दीच्या पट्ट्यातले ते जुन्या शेतकरी-शिपायांचे वंशज आठवतात? ऑगस्ट १९९० मध्येच त्यांनी क्निन शहराभोवतीचे रस्ते ओंडके टाकून अडवले होते. झाग्रेबला हे बंड वाटलं, त्यांना आत्मसंरक्षण. बेलग्रेडच्या वाहिन्या त्यांना रोज १९४१ दाखवत होत्या आणि युगोस्लाव्ह लष्कराकडून शस्त्रं मिळत होती. पेच आपोआप घडला नाही, त्याला खतपाणी घालणारे होते, हे विसरू नये. पण केंद्रसत्तेचा रखवालदार असता तर त्यांचा प्रचार इतका पटला नसता.

व्लादिमिर ग्लिगोरोव या अर्थतज्ज्ञाच्या नावावर एक खोचक प्रश्न सांगितला जातो: तुझ्या राज्यात मी अल्पसंख्य का व्हावं, जर माझ्या राज्यात तू होऊ शकतोस? सारा संघर्ष या एका प्रश्नात आला.

त्याची कसोटीही घेता येते. स्लोव्हेनियानं २५ जून १९९१ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. तिथं बहुतेक सगळे स्लोव्हेनच, वेगळ्या समाजाची मोठी वस्ती नाही. युद्ध दहा दिवसांत संपलं, मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. क्रोएशियानं त्याच दिवशी घोषणा केली, पण तिथं सुमारे १२ टक्के सर्ब होते. लढाई १९९५ पर्यंत चालली आणि वुकोवार शहराचा ढिगारा झाला. चेक आणि स्लोव्हाक १९९३ च्या १ जानेवारीला वेगळे झाले, रक्ताचा थेंबही न सांडता. ते स्वभावानं अधिक सभ्य होते असं म्हणण्यापेक्षा, त्यांच्यात फारसं कुणी चुकीच्या बाजूला अडकलं नाही, हे कारण मला जास्त पटतं.

जिथं रेघच ओढता येत नव्हती

बोस्नियात १९९१ च्या गणनेनुसार सुमारे ४४ टक्के मुस्लिम, ३१ टक्के सर्ब आणि १७ टक्के क्रोएट होते, आणि ते वेगवेगळ्या जिल्ह्यांत नव्हते, एकाच गल्लीत होते. १९९० ची निवडणूक म्हणजे जणू शिरगणतीच झाली: तिन्ही समाजांचे तीन पक्ष बहुतेक जागा घेऊन गेले. युगोस्लाव्हिया टिकला तर बोस्नियाचे सर्ब देशातल्या सर्वांत मोठ्या समाजात, मोडला तर अल्पसंख्यांत. मुस्लिमांचं नेमकं उलटं: मिलोसेविचच्या उरल्यासुरल्या देशात राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. दोघांचंही समाधान करणारी एकही रेघ नव्हती. फेब्रुवारी-मार्च १९९२ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतावर सर्बांनी बहिष्कार टाकला, एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख भारतीय होते, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. ही सेना क्रोएशियासाठी आली होती, आणि मुख्यालय मुद्दाम सारायेव्होत ठेवलं होतं, कारण ते शहर तेव्हा शांत आणि तटस्थ समजलं जाई. काही आठवड्यांत तिथंच तोफगोळे पडू लागले. वेढा १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात, संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित जाहीर केलेल्या भागात, बोस्नियन सर्ब फौजेनं आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी त्याला वंशसंहार ठरवलं आहे. पेच, भीती, चुका हे सगळं समजून घेतल्यावरही हा गुन्हा होता आणि त्याला करणारे हात होते. बोस्नियाच्या युद्धात एकूण सुमारे एक लाख माणसं गेली.

नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत डेटन इथं करार झाला आणि बंदुका थांबल्या. करारासोबत बोस्नियाला नवी घटनाही मिळाली. तिच्यात राष्ट्राध्यक्ष तीन: एक बोस्नियाक, म्हणजे तिथला मुस्लिम, एक क्रोएट, एक सर्ब. भीती घालवायला प्रत्येकाला नकाराधिकार दिला. तो उपाय तेव्हा गरजेचा होता, पण त्यानं शिरगणतीलाच राज्यघटना करून टाकलं. एखाद्या पुढाऱ्याला सगळ्या बोस्नियाची मतं मागायचं कारणच उरलं नाही. काही गावांत आजही एकाच इमारतीत दोन शाळा भरतात, बोस्नियाक मुलांची वेगळी, क्रोएट मुलांची वेगळी. आणि जो या तिघांत बसत नाही, त्यानं काय करायचं? देर्वो सेय्दिच हे रोमा आणि याकोब फिंत्सी हे ज्यू, दोघंही बोस्नियाचेच नागरिक. आपल्याला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता येत नाही, म्हणून ते युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. डिसेंबर २००९ मध्ये न्यायालयानं ही तरतूद भेदभाव करणारी असल्याचा निकाल दिला. त्यानंतर अनेक वर्षं उलटली, तरी ती तरतूद बोस्नियाच्या घटनेत कायम आहे.